पन्नासची लेन्स आणि बहिणीचा फोटो

कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स मी चार वर्षं वापरली आणि चारही वर्षं माझे फोटो बरे होते, इतकंच. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, घरच्या बारशाला, कुणाच्या साखरपुड्याला मीच फोटो काढायचो. लोक 'छान' म्हणायचे आणि विसरून जायचे. ते विसरणं मला झोंबायचं. म्हणून एका दिवाळीच्या सुट्टीत कळंबहून सोलापूर गाठलं आणि पन्नास एमएमची लेन्स घेतली. दुकानदारानं दोनदा सांगून पाहिलं, "सर, घरगुती फोटो काढता ना? मग पस्तीसची घ्या. खोलीत पन्नासनं भागत नाही." मला शिकवायला आलेला माणूस सहन होत नाही, मी स्वतः मास्तर आहे. पन्नासचीच घेतली.

पहिल्याच बारशाला पस्तावलो. ही लेन्स पुढंमागं होत नाही, आपल्यालाच व्हावं लागतं. पाळणा आणि सगळ्या बायका एका फोटोत याव्यात म्हणून मागं सरकत सरकत मी भिंतीला टेकलो, मग दाराबाहेर गेलो आणि शेवटी अंगणात चपलांच्या ढिगात उभं राहून दारातून फोटो काढला. पाळणा आला, बाळाची आत्या राहिली. आत्याबाई ते अजून ऐकवतात.

पण एकट्या माणसाचा चेहरा काढायला ही लेन्स जबर. तिचं तोंड किती उघडायचं याचा एक आकडा असतो. आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. माझ्या लेन्सचा सगळ्यात लहान आकडा वन पॉइंट एट. त्यावर ठेवून एका डोळ्यावर नेम धरला की तो डोळा लख्ख येतो आणि कानापासून मागचं सगळं पुसट होतं. मागची पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे, काही म्हणता काही उरत नाही. मी दुसऱ्या आकड्याकडं वळलोच नाही.

माझ्या चुलत बहिणीचा फोटो याच आकड्यावर काढला. काका-काकू गावाकडं शेती बघतात, ती रोज एसटीनं कळंबला येते, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला. लग्नाच्या बायोडाटासाठी फोटो हवा होता. तिला डाव्या कानाखाली, जबड्यापासून मानेवर उतरलेला कोडाचा डाग आहे, आठवीत असल्यापासून. मी तिला लिंबाखाली उभं केलं, मान जरा वळवायला लावली आणि उजव्या डोळ्यावर नेम धरला. इतका देखणा फोटो माझ्या हातून कधी निघाला नव्हता. आठ दिवस मी हवेत होतो. डाग त्यात कसा आलाय हे मी पाहिलंसुद्धा नाही. काकांनी मात्र पाहिलं असणार, कारण दहा फोटोंमधून त्यांनी नेमकं त्याच फोटोवर बोट ठेवलं.

नळदुर्गकडची मंडळी बघायला आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि मावशी. बहीण चहा देऊन समोर बसली. मावशींनी तिच्याकडं नीट पाहिलं, पर्समधून मोबाईल काढला, फोटो मोठा केला आणि तिच्या चेहऱ्याशेजारी धरला.

"फोटूत तर हे ऊन पडल्यावानी दिसतंय," त्या म्हणाल्या.

खोटं नव्हतं. पाल्यातून उतरलेला कवडसा वाटावा, तसाच तो डाग फोटोत आला होता. "काढला कुणी फोटू?" त्यांनी विचारलं. मी हळूच "मी" म्हणालो. माणसं भली होती, आवाज चढवला नाही, "कळवतो" म्हणून गेली. बहीण कपबशा गोळा करून आत गेली. कुणी माझ्या थोबाडीत दिली असती तरी मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी ती आमच्या घरी आली. "दादा, तो फोटो काढलास कसा?" मी आकड्याचं सगळं समजावून सांगितलं. मास्तरकी कुठं जाते? तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळंच साफ दिसंल असा निघत न्हाय का?"

"निघतो की. आकडा वाढवायचा."

"मंग वाढव."

मला राग आला, लपवत नाही. म्हटलं, "अगं, मागची टाकी, कपडे, सगळी अडगळ येईल त्यात."

"येऊ दे. लोकांच्या घरी कपडे वाळत न्हाईत का?"

आकडा आठवर नेला. यावेळी तिनं स्वतःच डावी बाजू पुढं केली. मी लांब उभा राहिलो, तर म्हणाली, "जवळ ये की." पन्नासच्या लेन्सला जवळ जाण्यावाचून दुसरा मार्गही नसतो. दोन पावलांवर आलो आणि ध्यानात आलं, हा डाग आपण कधी पाहिलेलाच नाही. आमच्या घरात सगळ्यांनी तिच्या मानेकडं न बघायची सवय लावून घेतली होती आणि त्या सवयीलाच आम्ही माया म्हणत होतो. मला माझी लाज वाटली. त्याची कड कुठं आहे, तो आता हनुवटीच्या किती जवळ आलाय, ते मी त्या दिवशी पाहिलं आणि मग फोटो काढला. साधा फोटो. कपडे आले, टाकीही आली.

तिनं तो बायोडाटावर लावून स्वतःच वधू-वर ग्रुपवर टाकला. बरेच दिवस कुणाचा फोन आला नाही. मग एका मुलाचा आला. हे पसरतंय का, त्यानं थेट विचारलं. तिनंही थेट सांगितलं, व्हय, सावकाश पसरतंय. तो पुन्हा बोलला नाही. "बरंय की," ती मला म्हणाली, "घरी यायच्या आधीच विचारलं."

काकांना हे पटेना. त्यांनी मला फोन केला. "तो आधीचा पाठव बरं. आमच्या मोबाईलमधून हिनं काढून टाकलाय."

"काका, माझ्याकडंबी राहिला न्हाय. कार्ड खराब झालं."

मी काकांशी पहिल्यांदा खोटं बोललो. तासाभरात बहिणीचा फोन आला. "दादा, खरंच गेला का?"

"न्हाय. लॅपटॉपवर आहे."

"मंग आत्ता काढून टाक. मी थांबते."

मी लॅपटॉप उघडला. तो फोटो समोर आला आणि माझा हात थांबला. पलीकडं तिच्या लायब्ररीतला पंखा ऐकू येत होता. मी फोटो काढून टाकला, मग लॅपटॉपच्या कचरापेटीतूनही पुसला.

"झालं?"

"झालं."

"ठेवते मग, पोरं पुस्तकं घेऊन उभी आहेत," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर मी दोनशे तरी चेहरे काढले असतील. तसा एकही निघालेला नाही आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं, हे मी तिला सांगितलेलं नाही.