सवानाच्या झाडाला गुंडाळलेलं सूत

आमच्या मारेगावात अमेरिका पाहून आलेली बाई एकच, माझी धाकटी जाऊ कोकिळा. गाव तिला 'अमेरिकावाली' म्हणतं. ती अमेरिकावाली आमच्या अंगणाच्या फाटकापलीकडे एकटी जात नाही, हेही गावाला ठाऊक आहे.

तिचा नवरा, माझे धाकटे दीर वामनभावजी, कागदाच्या कारखान्याचं काम शिकायला गेले, तेव्हा तिला सोबत घेऊन गेले. अमेरिकेच्या दक्षिणेला सवाना म्हणून जुनं शहर आहे, नदीकाठचं. तिथून एके काळी जहाजं भरभरून कापूस जायचा. परत आल्यावर डाळ निवडताना मी तिला विचारलं होतं, "कसं होतं वं ते शहर?"

"खिडकीएवढं," ती म्हणाली.

एका म्हाताऱ्या बाईच्या घरात वरची खोली. भावजी सकाळी जात, संध्याकाळी येत. जाताना बजावून जात, की दार उघडायचं नाही, भाषा येत नाही, हरवशील. कोकिळा दिवसभर पडद्याआडून रस्ता पाहायची. सोबत नेलेलं पंचांग मात्र तिनं सोडलं नव्हतं. वटपौर्णिमा आली तशी ती भावजींना म्हणाली, वड पाहून द्या. ते हसले. "इथं कुठला वड? पाटावर काढ अन् पूज."

माझ्या सासूबाईंनी जाताना तिला घरच्या कापसाचं सूत दिलं होतं, टकळीवर कातलेलं. पुजल्याशिवाय पाणीही घ्यायचं नाही अशी तिची रीत. भावजी गेले आणि ती सूत, हळदीकुंकू, एक सफरचंद घेऊन जिना उतरली.

हा भाग सांगताना तिचे हात डाळीतून निघून हवेत जायचे. विटांची जुनी घरं, लोखंडी नक्षीचे कठडे, थोड्या थोड्या अंतरावर एकेक चौक, चौकात बाग, बागेत कुणा सरदाराचा पुतळा. नदीकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. पायऱ्यांच्या बाजूला कापसाची जुनी गोदामं. "ताई, उन्हात तापलेल्या भिंतीले मी हात लावला. वाटलं, आपल्या कापसाच्या जिनिंगच्या मागं उभी हावो."

अन् मग एका चौकात तिला वड दिसला. मोठा विस्तार, फांद्या पार रस्त्यावर आलेल्या, फांद्यांवरून राखाडी जटा लोंबत होत्या. तिनं देवाचे आभार मानले, सूत गुंडाळायला लागली. खोड अवाढव्य, सूत सुटायचं. बाकावर एक काळी बाई मालकाचं गोरं लेकरू घेऊन बसली होती. ती उठून आली आणि न विचारता सुताचं टोक धरून उभी राहिली. फेरे झाल्यावर कोकिळानं मंगळसूत्र दाखवलं. त्या बाईनं बोटातली अंगठी दाखवली. दोघी हसल्या.

पारंबी म्हणून कोकिळानं एक जटा हातात धरली, तर ती तुटून आली. केसासारखी, हलकी. मूळ नव्हतं तिला. तो वड नव्हता.

"मग व्रत वाया गेलं का, ताई?" ती मला विचारायची. मी म्हणायची, भाव पोचला. पण मनात मला खात्री नव्हती, खोटं कशाला लिहू.

परतताना ती चुकली. सगळे चौक सारखे. पुतळा, बाग, बाक. पुन्हा पुतळा, बाग, बाक. चालून चालून आपलंच सूत गुंडाळलेल्या झाडापाशी यायची. शेवटी त्याच बाईनं तिला गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. भावजी दारात उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप बाहेरून लावून जाऊ लागले. देशात परतेपर्यंत तेच चाललं.

आता भावजी चांद्याकडे नोकरीला आहेत, कोकिळा आमच्यात. सासरे, बापूजी, दुष्ट माणूस नाहीत. तिला आंबा आवडतो म्हणून पाडाचा पहिला आंबा तिच्या हातात देतात. पण तिकडं हरवल्याची गोष्ट भावजींनी त्यांना सांगितली आहे, आणि फाटकाची किल्ली त्यांच्या कमरेला असते.

यंदा ज्येष्ठात यवतमाळहून निरोप आला. कोकिळाची आई अंथरुणाला लागली, अन्न सुटलं, लेकीचं नाव घेते. तिला भाऊ नाही.

"मामाजी, मले मोटारीनं जाऊ द्या," ती बापूजींना म्हणाली.

"वामन येऊ दे, तो नेईन."

"त्याईले सुट्टी नाही. तंवर माय राह्यली नाही त?"

"तिकडं एकटी गेलती न? काय झालं? हरपलीच न?"

"इथं कायले हरपीन, मामाजी? यवतमाळात त मी जन्मली."

बापूजी उठून गोठ्यात गेले. बोलणं संपलं.

आमचा वड गावाबाहेर, मोटार थांबते तिथेच. पौर्णिमेला फाटक उघडलं, आम्ही साऱ्या ताटं घेऊन निघालो. वडापाशी कांताबाईनं तिला डिवचलं, "काय वं अमेरिकावाली, तिकडं मडमाही सात जन्म हाच नवरा मागते का?"

"नाही व माय. त्या कुलपाची किल्ली मागते," कोकिळा म्हणाली. बाया हसल्या. मी हसले नाही.

ती फेरे घालत होती, मी मागे. पाचवा फेरा असेल. वणीकडून धुरळा उठला, यवतमाळची मोटार येऊन थांबली. कोकिळा थबकली. सुताची गुंडी तिनं माझ्या हातात दिली.

"धरा, ताई."

मी धरली. ती ताट खाली ठेवून, पदर खोचून, मोटारीत चढली. मला वाटलं, उतरेल. कंडक्टरनं घंटी मारली. कांताबाई ओरडली, "अवं, फेरे राह्यले न तुहे!" मोटार निघाली होती. उरलेले फेरे मी घातले आणि गाठ मारली.

घरी बापूजींनी विचारलं, "संगं कोण गेलं?"

"कोणी नाही."

ते ओसरीवर बसून राहिले. जेवले नाहीत. वाटेकडे पाहत होते, हे मी पाहिलं.

आईचं तेरावं आटोपून कोकिळा परतली, तीही एकटीच. फाटकाला कुलूप होतं. बापूजींनी स्वतः जाऊन काढलं.

"भेटली का माय?"

"भेटली. माह्या हातचं पाणी पेली."

बापूजींनी मान हलवली. तिला आत घेतलं, आणि कुलूप पुन्हा लावलं.

कोकिळा विहिरीवर पाय धुऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, त्या वाटंत चौक नाही लागत. सरळ रस्ता हाये."