घर सोडलेल्या नायिकेचं पुढे काय करायचं

मागच्या आठवड्यात माझ्यावर घोर अन्याय झाला. भोरच्या तंबूतल्या टॉकीजमध्ये खुर्चीचं तिकीट काढून मी बोलपट बघायला गेलो आणि मला दिसलं ते पुढच्या गृहस्थांचं पागोटं... विनंती केली तर म्हणाले, "काढलं तर डोकं उघडं पडतं." यावर आमच्या संस्थानच्या एकाही कायद्यात कलम नाही. मी वकील आहे, मला ठाऊक आहे.

तर पागोट्याच्या अलीकडे अर्धी आणि पलीकडे अर्धी दिसलेल्या नायिकेविषयी सांगतो.

सिनेमा मुका होता तेव्हा बरं होतं. पडद्यावरची बायको बोलत नसे, हे तमाम नवरेमंडळींना फार आवडे. ती नवऱ्यासाठी देवांशी भांडे, नवऱ्याशी कधी नाही. हल्लीच्या बोलपटांतल्या बायका शिकलेल्या, तोंडाने फटकळ... 'घटस्फोट' हा शब्दसुद्धा उच्चारतात. शेवटच्या रिळात मात्र नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतात, म्हणून आपण निर्धास्त असतो.

त्याच भरवशावर मी कुसुमला, माझ्या मुलीला, बरोबर नेलं होतं. जाहिरातीच्या टांग्यातला माणूस 'कौटुंबिक बोधपट' म्हणून ओरडत होता. जो बोध मला तोंडाने करवत नव्हता, तो परस्पर झाला तर बरा...

कुसुम दिवाळीला माहेरी आली ती राहिलीच. दंडाच्या मागच्या बाजूला भाजल्याची खूण. विचारलं तर म्हणाली, पातेलं लागलं. पातेलं दंडाच्या मागे कसं लागतं? कोर्टात एखादा साक्षीदार मी असा सोडला नसता... घरात सोडला.

एकदाच तिने विचारलं होतं, "अण्णा, मी परत नाही गेले तर?" मी म्हटलं, "बघू." त्यानंतर तिचं बोलणंच आटलं. आणि सासरची मंडळी या गुरुवारी तिला न्यायला यायची होती.

तंबूत बायकांची बसायची जागा मधल्या कापडी कनातीपलीकडे. कुसुम तिकडे, मी इकडे. पडद्यावर नायिकेने नवऱ्याला चार शब्द सुनावले आणि घर सोडलं. शिट्ट्या वाजल्या. ती रस्त्यावर आली... आणि पुढे तिचं काय करावं ते लेखकाला सुचेना. घर सोडलेली बाई कुठे ठेवायची, हे आपल्याकडे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून त्याने तिला नदीकडे वळवलं.

नायिका पाण्यात उतरत होती... घोटे, गुडघे, कंबर. आणि तंबूच्या मागच्या उताराला आमची नीरा वाहत होती. माझ्या मुलीला हे दाखवायला मी पैसे देऊन आणलं होतं!

तेवढ्यात कनातीपलीकडून खणखणीत आवाज आला, "आगं ए भवाने, पान्यात कशाला मरतीस? काडी मोड आन् ये की निघून!"

तंबू हसला. काडी मोडली की लग्न सुटलं, हा शेतकरी जातींतला घटस्फोट सगळ्यांना ठाऊक होता. पुरुषांतून कोणीतरी ओरडलं, "मावशे, जा मग तूच हिला आनाया!"

"जाती की! येताना तुझ्या बायकूला बी आनती!"

त्या हशात मी कुसुमचं हसू शोधत होतो. सापडलं नाही. मग रीळ तुटलं, दिवे लागले. सभ्यता बाजूला ठेवून मी कनातीच्या फटीतून पाहिलं... तिची जागा रिकामी होती.

बाहेर कसा आलो ते आठवत नाही. हाक मारावी तर चारचौघांत मुलीचं नाव कसं ओरडायचं? तशा वेळीही मला ही लाज सुचली, याची आता जास्त भीती वाटते. घाटावर कोणी नव्हतं. पाण्याकडे नीट बघायचं धैर्य होईना...

"ओ, हितं हाय तुमची लेक!"

वरच्या बाजूला बैलगाड्या सोडलेल्या होत्या. एका गाडीला टेकून कुसुम उभी होती आणि तिचं मनगट धरून ती खणखणीत आवाजाची बाई. पालीची भागूबाई, बाजाराला आलेली. "पोरगी उटली, तशी मी बी उटले," ती म्हणाली. "मला तिचं उटनं काय बरं दिसलं न्हाई."

"कुठे निघाली होतीस?" मी कुसुमला विचारलं.

"ठाऊक नाही, अण्णा."

इतकं भयंकर उत्तर मी कोर्टातही ऐकलेलं नाही.

भागूबाई माझ्याकडे वळली. "आमच्या लोकांच्या फारकती तुमीच लिव्हता न्हवं वकीलसायेब? मंग तुमच्यात काडी न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग तुमच्या पोरीनं जायाचं कुठं?" पदर खोचून ती म्हणाली, "आमचं बी सोपं न्हाई म्हना. पाट लावून दुसरा दादला केल्याल्या बाईला लग्नात कुनी फुडं करत न्हाई. पर बाई जित्ती ऱ्हाती."

घरी जाताना मी कुसुमला म्हटलं, "ते लोक आले की मी बोलेन. तू जायचं नाहीस."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. मग म्हणाली, "ते पातेलं नव्हतं, अण्णा."

"माहीत आहे."

गुरुवारी मंडळी आली, चहा प्याली, अब्रू आणि कायदा दोन्ही काढून झाले, आणि आली तशीच परत गेली. कायदा माझ्या बाजूने नाही, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं... म्हणून दारावर थाप पडली की अजून कुसुमच्या आधी मी उठतो.

काल भागूबाई कचेरीत आली, भाचीची फारकत लिहून घ्यायला. अशा कागदांवर मी एरवी दोन विनोद करतो. काल केले नाहीत. सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

तिने पदराची गाठ सोडली. "लिवनावळ किती झाली?"

"मिळाली," मी म्हटलं.

"आँ? कुनी दिली?"

मी पुढच्या पक्षकाराला हाक मारली.