हवालदाराची मिशी

मावशी चौकीत आल्या की मी कपाळाला हात लावायचो. आता खोटं कशाला बोलू! मी जबाब लिहून घेणारा हवालदार. अक्षर मोत्यासारखं, मिशी त्याहून झोकदार. आणि या बाई! वयानं वाढलेला पण समज लहान मुलाएवढीच राहिलेला कुणी पकडला गेला, की काखेत पिशवी मारून हजर. त्याच्याशेजारी बसायचं, त्याला धीर द्यायचा, हेच त्यांचं काम.

एकदा घडीवाल्याला आणलं. चाळिशी उलटलेली, लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायचा. सायकलचोरीचा आळ होता.

"तूच घेतलीस?"

"हो."

"कुलूप तोडलंस?"

"हो."

पाऊण पानात कबुली तयार! खाली अंगठा उमटला की रवानगी तुरुंगात. तिथं तो आठवडाभरही टिकला नसता.

तेवढ्यात मावशी आल्या. कागद वाचला, त्याच्याजवळ बसल्या आणि सहज म्हणाल्या, "काय रे, या साहेबांची मिशीही तूच चोरलीस?"

त्यानं माझ्या मिशीकडे नीट बघितलं. "हो."

अख्खी चौकी खो खो हसली. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! मावशी मात्र हसल्या नाहीत. "समोरचा रागावू नये म्हणून हो म्हणतो तो, साहेब. फाडा तो कागद."

फाडला. सायकल दोन दिवसांनी मालकाच्याच मेव्हण्याकडे सापडली. पण त्याआधी असे किती 'हो' मी सुंदर अक्षरात लिहून घेतले असतील?

पुढे कितीतरी वर्षं मावशी दर बुधवारी लॉन्ड्रीत जाऊन घडीवाल्याला 'नाही' म्हणायला शिकवायच्या.

"तू हत्ती खाल्लास?"

"हो."

"अरे देवा! पुन्हा सांग."

मी जाता-येता चिडवायचो, "मावशी, नाद सोडा!" त्या मलाच दटावून बाहेर काढायच्या. काय दिवस होते ते!

मावशी गेल्या. मी निवृत्त झालो आणि पांढरी झालेली मिशी एके दिवशी काढून टाकली. त्याच आठवड्यात चादरी द्यायला लॉन्ड्रीत गेलो. घडीवाल्याचेही केस पिकलेले. मला बघताच त्याच्या हातातली चादर गळून पडली. नजर माझ्या बिनमिशीच्या ओठांवर.

"मी नाही घेतली," तो म्हणाला.

मी तिथंच, गिऱ्हाइकांसमोर रडलो. "नाही रे राजा, तू नाही घेतलीस." हे ऐकायला मावशी हव्या होत्या.