आडातलं आडात

सदलग्याची क्षमा नोकरीला कंपनीत, पण बसायची घरच्या माडीवर. काम असं, की समजावून घ्यायला माणसानं आधी बूड टेकावं. कॉम्प्युटरला कुलपांच्या किल्ल्या घडवायला कुणाला ओळखता न येणारे आकडे लागतात. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम बटणं दाबल्याच्या वेळा, डिस्कचे हेलकावे असलं बारीकसारीक एका साठ्यात गोळा करते आणि हॅश नावाच्या रवीनं घुसळून त्यातून आकडे काढते. ताकाचं परत दही होत नाही, तसं आकड्यावरून साठा ओळखता येत नाही.

जुना हॅश कच्चा ठरला होता. बेळगुंदीच्या साईराजनं, तिच्याहून जुन्या सहकाऱ्यानं, नवा बसवला. तपासणी क्षमाकडे. तिनं नवा हॅश उलटासुलटा करून पाहिला. पक्का होता, वेगवान होता. कालच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर 'हो' म्हणून मोकळी झाली. आज लेखी होकार दिला की बदल लाखो यंत्रांत जाणार, खाली तिचं नाव. तरी हात अडत होता.

दुपारी आज्जीची, चंपाबाईची, हाक आली. नळ आला तरी चंपाबाई परसातल्या आडाचंच पाणी प्यायची, तेही दुहेरी फडक्यानं गाळून. आज गुडघे धरले म्हणून क्षमानं गाळलं होतं, निपाणीहून आणलेल्या कोऱ्या फडक्यानं.

"जिवाणी कुठं टाकलीस गं?"

जिवाणी म्हणजे फडकं खळबळल्यावर निघालेलं पाणी. त्यातले जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत सोडायचे, अशी जैनांच्या घरातली रीत.

"मोरीत गेली," क्षमा हळूच म्हणाली.

"फडकं नवं आलं म्हणून रीत गेली व्हय?"

क्षमा तशीच माडीवर गेली. तिनं जुना प्रोग्रॅम नव्याशेजारी लावला. जुन्या कामात हॅशमधून निघालेलं थोडं आकडे म्हणून बाहेर जायचं आणि परत साठ्यातही मिसळायचं. साठा मग पहिल्यासारखा राहायचा नाही. साईराजच्या कामात आकडे निघत होते, पण परत सोडायची ओळच नव्हती. इतके दिवस ती नुसतं फडकंच बघत बसली होती. इथं जिवांचा प्रश्न, तिथं गुपिताचा. कारणं वेगळी, राहिलेलं पाऊल मात्र एकच.

तिनं साईराजला फोन लावला. "परत सोडायची ओळ कुठं गेली रं?"

"ती जुना हॅश कच्चा व्हता म्हणून आसंल की."

"न्हाय. हॅश कसला का असंना, उद्या कुणाच्या हाती साठा लागला तर त्योच घुसळून कालचे आकडे काढंल."

पलीकडं साईराजची बटणं वाजली. "पण काल तू हो म्हणालतीस."

"म्हणालते. चुकलं. तसंच लिहिते."

"सगळ्यांम्होरं?"

"तू हायस की सोबतीला."

"लई भारी सोबत," तो हसला. "लिही. ओळ मी घालतो."

तिनं लिहिलं: हॅश मान्य, बदल अमान्य, कालचा माझा होकार चुकीचा.

खाली आली तर चंपाबाईनं पोहरा तिच्यापुढं सरकवला. मोरीतलं काही परत यायचं नव्हतं. क्षमानं नव्यानं पाणी गाळलं, फडकं खळबळलं, जिवाणी पोहऱ्यात घेतली आणि आडापाशी गेली. जिवाणी वरून ओतायची नसते, जीव आदळतात. तिनं दोर सावकाश सोडला, पोहरा पाण्याला टेकला आणि मगच कलंडला.