पाच, दहा, एकवीस, बेचाळीस

मंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पाण्याच्या टँकरमागे पळत होत्या. बीड बायपासच्या पलीकडे आम्ही नुकताच फ्लॅट घेतला होता. इमारतीच्या भिंतीला लागून गुंठेवारीची वस्ती होती. शेतं तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली आणि त्यावर घरं उठली. रस्ता आणि नळ मागून येतील असं सगळ्यांना सांगितलेलं. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. टँकर वस्तीच्या तोंडाशी न थांबता पुढच्या वळणापर्यंत जायचा, आणि ज्याचा पाइप आधी लागेल त्याचा ड्रम आधी भरायचा. त्या सकाळी दहा-बारा बाया आणि काही तरुण टँकरमागे धावत होते. सगळ्यांच्या पुढे चाळिशीची एक सडपातळ बाई होती. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पाय अनवाणी, खांद्यावर गुंडाळलेला हिरवा पाइप. तिने पाइप लावला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मागून आलेली पोरं वाकून धापा टाकत होती. ती सहज श्वास घेत होती.

आठवडाभराने तीच बाई उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात दिसली. एजन्सीमार्फत शिपाई म्हणून लागली होती. मी तिथे जीवशास्त्र शिकवायचे. स्टाफरूममध्ये ती चहा ठेवत असताना मी विचारलं, "त्या दिवशी टँकरमागे तुम्हीच होतात ना?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुम्ही गॅलरीत उभ्या व्हत्या."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं इतकंच. पुढे तीन वर्षं मी त्यांना ओळखत होते आणि त्या कायम अशाच बोलल्या.

पिशोरजवळच्या एका वाडीवरचं त्यांचं माहेर. वडील मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचं ते पावसाच्या तोंडावर परत यायचं, आणि या सगळ्या वाटा मंदाताईंनी सात-आठ वर्षांच्या असल्यापासून पायी तुडवलेल्या. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी. लग्नानंतर नवरा वाळूजला कंपनीत कंत्राटावर लागला आणि त्या शहरात आल्या. एकुलती एक मुलगी देवगाव रंगारीला दिली होती. घर नवऱ्याच्या नावावर, नोकरी एजन्सीच्या हातात. एकदा त्या मला म्हणाल्या, "पाय तेवढे माझे हायेत, मॅडम. बाकी समदं दुसऱ्याचं."

आमचं पळणं माझ्या शुगरमुळे सुरू झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी आणि आमची ग्रंथपाल रुबीना पहाटे विद्यापीठाच्या परिसरात जायला लागलो. हे ऐकून मंदाताईंनी एक दिवस विचारलं, "मी आले तर चालंल का?" पहिल्या दिवशी आम्ही चाललो आणि त्या पळाल्या. आमची एक फेरी होईस्तोवर त्यांच्या तीन झाल्या. महिनाभरात आम्हीही पळायला लागलो, कारण त्या पुढे जाऊन उभ्या राहायच्या आणि आमची वाट बघायच्या, आणि त्याची लाज वाटायची. माझे जुने बूट त्यांना सैल होत होते. दोन-दोन मोजे घालून त्यांनी ते वापरले. मी पळताना घरातलं, कॉलेजातलं काहीबाही बोलत राहायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "लई इचार केला की धाप लागती, मॅडम. निस्तं पळा."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात येऊनही मी सोडून दिली. त्या पाणी पीत नसत. पळून झाल्यावर रुबीना आणि मी बाटल्या रिकाम्या करायचो. त्या एक घोट घेऊन तोंडात फिरवायच्या, गिळायच्या आणि बाटली परत द्यायच्या. कॉलेजातही तेच. मी एकदा आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, "पानी पिलं की जायला लागतं. आन जायचं कुठं?" कॉलेजात शिपायांना स्टाफचं स्वच्छतागृह वापरायची मुभा नव्हती, मुलींचं बहुतेक वेळा पाण्याअभावी बंद असायचं. वस्तीवर अंधार पडायची वाट पाहावी लागे. लहानपणी मेंढरांमागे असताना पाणी आधी जनावरांना, मग बाप्यांना, शेवटी पोरीला. शरीराला ती सवयच लागून गेली होती. कंबर दुखली की किराणा दुकानातून एक गोळी आणायची आणि तीही जवळजवळ कोरडीच गिळायची. मी दरवर्षी अकरावीच्या वर्गात फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढत होते.

त्या हिवाळ्यात शहरातल्या एका धावण्याच्या गटाने चार दिवसांच्या शर्यती जाहीर केल्या. गुरुवारी पाच किलोमीटर, शुक्रवारी दहा, शनिवारी एकवीस, रविवारी बेचाळीस. चारही पूर्ण करणाऱ्याला वेगळं पदक. रुबीनाने कागद वाचून माझ्याकडे सरकवला. "दीदी, मेरे कू दस के आगे मत बोलो. घुटने मेरे सुनते नहीं." मी हसत होते. मंदाताई मात्र दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आन बाई मानसाला चालतं का चारी दिवस?"

"चालतं," मी म्हणाले.

"मग तुम्ही येताल का संगं? एकटीला रस्ता लांब वाटतो."

मी हो म्हणाले. शेवटपर्यंत बरोबर राहीन असंही म्हणाले. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

दोन महिने आम्ही तयारी केली. मंदाताईंच्या नवऱ्याने विरोध केला नाही, कौतुकही केलं नाही. "मेंढरामागं पळून झालं न्हाई का अजून," एवढंच तो म्हणाला. शर्यती फेब्रुवारीच्या अखेरीला होत्या आणि त्या वर्षी ऊन लवकर चढलं होतं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत होतं. शर्यतीचा मार्ग बायपासला मिळणाऱ्या नव्या रुंद रस्त्यावरून होता. त्या रस्त्यासाठी दोन्ही बाजूंची कडुलिंबाची आणि वडाची झाडं तोडलेली. सावली म्हणून कुठे नव्हतीच.

गुरुवारचे पाच किलोमीटर आम्ही तिघींनी हसत-खेळत केले. मंदाताईंनी पदक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि कमरेला खोचलं. शुक्रवारचे दहाही झाले. रुबीनाने रस्त्याच्या कडेला बसकण मारली आणि बूट काढले. तिचं ठरल्याप्रमाणे संपलं होतं. शनिवारी एकवीस किलोमीटर पळताना अखेरच्या टप्प्यात मंदाताईंचा उजवा गुडघा धरला. त्या लंगडत आल्या, पण माझ्या आधीच आल्या. मी पर्समधून माझ्या पाठदुखीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी काढून त्यांना दिली. "रात्री एक, सकाळी एक," मी सांगितलं. जेवून घ्या, पाणी भरपूर प्या, असंही सांगितलं असेल. आता खात्रीने आठवत नाही.

रविवारी पहाटे सुरुवातीच्या जागी दोन फिरती स्वच्छतागृहं उभी केली होती. पुढे बेचाळीस किलोमीटरमध्ये एकही नव्हतं. पुरुष बिनदिक्कत कडेला जात होते. मंदाताईंनी ते आधीच विचारून ठेवलं असावं, कारण पहिल्या पाण्याच्या टेबलाशी त्या थांबल्याच नाहीत. दुसऱ्या टेबलाशी मी पेला पुढे केला तेव्हा त्यांनी पाणी डोक्यावर ओतून घेतलं. त्यांनी सकाळी एकाच्या जागी दोन गोळ्या घेतल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

पंचवीस किलोमीटर झाले तरी आम्ही बरोबर होतो. ऊन पाठीवर होतं. डांबर तापत चाललं होतं आणि ट्रकमागून ट्रक बांधकामाची वाळू घेऊन जात होते. अठ्ठावीसच्या फलकाशी स्वयंसेवकांची जीप उभी होती. माझ्या पोटऱ्यांत गोळे येत होते हे खरं आहे. पण चालत-चालत मी पुढे जाऊ शकले असते, हेही खरं आहे. मला कंटाळा आला होता आणि गाडीत सावली होती. मी थांबले. "मंदाताई, मला नाही जमत. तुम्हीही सोडा आता."

त्या दोन पावलं पुढे गेल्या होत्या. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि पळू लागल्या.

थोड्या वेळाने जीप त्यांच्या बाजूने गेली. मी खिडकीतून हाक मारली, बाटली पुढे केली. त्यांनी हात हलवला, नजर मात्र रस्त्यावरच ठेवली.

सात तासांची मुदत संपत आली तेव्हा त्या शेवटच्या वळणावर दिसल्या. शर्यत संपायच्या जागची कमान उतरवायला सुरुवात झाली होती. रुबीना धावत पुढे गेली आणि अखेरचे शंभरेक मीटर त्यांच्या शेजारून चालली. मी कमानीखाली उभी होते. मंदाताईंच्या ओठांवर पांढरी खपली धरलेली आणि चेहरा राखेसारखा झालेला. गळ्यात दोन पदकं पडली. एक बेचाळीसचं, एक चारही दिवसांचं. त्या म्हणाल्या, "झालं." मग अर्धी बाटली पाणी प्यायल्या आणि लगेच ओकल्या.

सोमवारी त्या कामावर आल्या. मंगळवारीही आल्या. बुधवारी स्टाफरूममध्ये चहा ठेवताना त्यांच्या हातून कप सुटला आणि फुटला. मी वर पाहिलं. डोळ्यांखाली सूज होती, पाय सुजून चपलेचे पट्टे रुतले होते. बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लघवी लाल झाली व्हती, मॅडम. काळ्या चहावानी. काल सकाळपासून ती बी नाय." रविवारपासून त्या हे कुणालाच बोलल्या नव्हत्या.

रुबीनाने रिक्षा थांबवली. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि मला बाहेर बोलावलं. मी नातेवाईक आहे असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "किडन्या काही या आठवड्यात खराब झालेल्या नाहीत. वर्षानुवर्षांचं आहे हे. कमी पाणी, वरून दुखण्याच्या गोळ्या. या चार दिवसांनी उरलंसुरलं संपवलं. गोळ्या कोणी दिल्या?"

मी सांगितलं. त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

डायलिसिस सुरू झालं ते थांबलं नाही. आठवड्यातून दोन पाळ्या. एजन्सीने महिनाभर वाट पाहिली आणि दुसरी बाई पाठवली. नवरा कंपनीत खाडे करून किती दिवस त्यांच्यापाशी बसून राहणार होता? त्याने त्यांना माहेरी नेऊन सोडलं. मग त्या पिशोरहून पहाटेची एसटी धरून शहरात यायच्या, चार तास मशीनला जोडलेल्या पडून राहायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायच्या. त्यांना दिवसभरात पाणी अगदी मोजून प्यायचं होतं. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. वाडीवरची विहीर भरली होती. "भावानं नळी टाकलीय दारात," त्यांनी सांगितलं. "पानी बदाबदा पडतंय, आन मी बघत बसती."

कॉलेज सुटल्यावर मी वॉर्डात जायचे. सुरुवातीला प्रत्येक वेळी, मग आठवड्यातून एकदा, मग कधीतरी. दिवाळी जवळ आली होती. एका दुपारी मी धीर करून म्हणाले, "मंदाताई, त्या गोळ्या मी द्यायला नको होत्या."

छताकडेच बघत त्या म्हणाल्या, "तुम्ही नसत्या दिल्या तर दुकानातून आनल्या असत्या. त्याचं काय नाय." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "पन तुम्ही मधी सोडलं ते बरं नाय केलं. एकटीला लई लांब वाटलं."

"तुम्हाला राग आला असेल."

"राग नाय. सांगितलं निस्तं."

मशीनचं चाक फिरत होतं. मी त्यांचा हात धरायला गेले, पण त्या हातात सुया होत्या. मी हात मागे घेतला.

दिवाळीनंतर दोन पाळ्या त्या आल्या नाहीत. पहिली चुकली त्या दिवशी भावाचा कळप बाहेरगावी निघाला होता आणि त्या कुणाचं न ऐकता मेंढरांमागे ओढ्यापर्यंत चालत गेल्या होत्या. दुसऱ्या पाळीला उठवतच नव्हतं. रात्रीतून धाप वाढली. सकाळी जीपमध्ये घालून शहराकडे आणताना कन्नडच्या अलीकडे त्या गेल्या. फोन भावाने केला. "ताई म्हनली, एक पाळी चुकली तर काय व्हतंय," असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

दहाव्याला रुबीना आणि मी वाडीवर गेलो. माणसं पांगल्यावर मंदाताईंच्या आईने मला जवळ बोलावलं. घोंगडीवर बसलेली, अंगाने लेकीसारखीच सडसडीत म्हातारी. भिंतीवर खिळ्याला पदकं टांगलेली होती. तिने त्यांच्याकडे बोट केलं.

"ह्या पळण्यात तुम्ही व्हत्या का तिच्या संगं?"

"होते."

"तिला एकटीला करमायचं नाय. मेंढरामागं असताना बी हाका मारायची मला." तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "शेवटपर्यंत व्हत्या का?"

रुबीना माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "शेवटपर्यंत होते."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली, आणि सुनेला आमच्यासाठी चहा टाकायला सांगितलं.