मावशीने लावलेला दावा

छत्र्यांच्या कारखान्यात नी श्वेचुन पंधरा वर्षं कामगारांसाठी रांधत होती. कारखाना तिच्या भाच्याचा, हाओ पेईच्यांगचा. नवरा गेल्यावर श्वेचुनला थोरल्या बहिणीनेच सावरलं होतं. त्यामुळे कारखाना बुडाला आणि बहिणीचा मुलगा कागद घेऊन दारात आला, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही.

"मी तुझ्याकडून आठ लाख युआन उसने घेतले, एवढंच लिहिलंय. तू दावा लाव, मी कबूल करतो."

"माझ्याकडे आठ हजार कधी एकदम नव्हते रे."

"ते कोर्टाला कुठे माहीत? कारखान्याच्या लिलावाचे पैसे ज्याचं जेवढं येणं, त्या प्रमाणात वाटतील. तुझा वाटा मला दे. आई रस्त्यावर येऊ नये, एवढंच बघ मावशी."

कोर्टात न्यायाधीश बाईंनी विचारलं, "एवढी रक्कम घरात कुठे ठेवली होती?"

"तांदळाच्या रांजणात," श्वेचुनने पाठ केलेलं सांगितलं. भाच्याने मान डोलावली. दोघांचं भांडणच नाही म्हटल्यावर तडजोडीच्या कागदावर अर्ध्या तासात शिक्का पडला.

लिलावानंतर भाजीबाजारात थान कनशंग भेटला. कारखान्याला कापड पुरवणारा. कितीदा तरी तिच्या हातचं जेवलेला.

"घेणेकऱ्यांच्या यादीत तुमचं नाव वाचलं, ताई. माझे तीन लाख होते, चाळीस हजार हातात आले. पण तुमचं फार वाईट झालं. जन्मभर चुलीपुढे उभं राहून साठवलेलं, आणि भाच्यानेच बुडवलं."

"वहिनींचं ऑपरेशन?" तिने कसंबसं विचारलं.

"पुढे ढकललंय. बघू." त्याने आपल्या पिशवीतले निम्मे बांबूचे कोंब तिच्या टोपलीत घातले. "असू दे. एकट्या बाईने किती सोसायचं."

ते कोंब तिला चिरवेनात. वास मारायला लागले, तेव्हा टाकून दिले आणि ती बहिणीकडे गेली.

"ताई, मी सगळं सांगून टाकणार आहे."

बहीण शेंगा सोलत राहिली. "माझ्या पोराला तुरुंगात घालायला तुला जेवू घातलं होतं का?"

श्वेचुन उठून घरी आली. दुसऱ्या दिवशी ती सरकारी वकिलांच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने विचारलं, "कुणी धमकावलं का?" ती म्हणाली, "नाही. मी आपण होऊन खोटं बोलले."

कोर्टाचा तो कागद रद्द झाला, पैसे पुन्हा वाटले गेले. पेईच्यांगला दीड वर्षाची कैद झाली. श्वेचुन आपण होऊन आली म्हणून तिला नुसता दंड झाला, सहा महिन्यांची शिक्षा तहकूब ठेवली. थानच्या बायकोचं ऑपरेशन पार पडल्याचं तिला बाजारातल्या कोळणीकडून कळलं. थान स्वतः ती दिसली की वाट बदलतो. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटतं.

नववर्षाला ती चिकट तांदळाची वडी घेऊन बहिणीकडे गेली. आत टीव्ही चालू होता. दार उघडलं नाही. तिने पिशवी कडीला अडकवली. सकाळी मुद्दाम त्या गल्लीतून फिरली, तर कडीला पिशवी नव्हती. बहिणीने आत घेतली की कचऱ्यात टाकली, हे विचारायचं कुणाला?