डाव्या हातानं दिलेलं बदक

क्लातेनच्या इस्पितळात रेत्नोबाईंना, तिथल्या बोलीत बू रेत्नोंना, लोक ‘खेळवाली बाई’ म्हणत, आणि त्यांना त्याचा राग नव्हता. काम खेळण्याचंच होतं. जन्मताना श्वास अडकून ज्यांच्या मेंदूला इजा झाली, अशा बाळांवर क्लातेन, मनिला आणि हनोईचे डॉक्टर मिळून संशोधन करत. मोठाली यंत्रं डोक्याचे फोटो काढत. पण ते बाळ पुढे कसं बसतं, काय मागतं, हे बघायला सतरंजीवर मांडी घालून बसणारं माणूस लागे. ते माणूस म्हणजे बू रेत्नो. अंगानं भरलेल्या, बोलायला फटकळ. दार आपटून बाळाला दचकवणाऱ्या बड्या डॉक्टरलाही त्या बाहेर काढत, आणि मग त्याच्यासाठी तळलेलं केळं राखून ठेवत.

त्या दिवशी पुर्वान्ती आपल्या दहा महिन्यांच्या दामारला घेऊन आली. बू रेत्नोंनी लाकडी बदक पुढे धरलं. दामार नुसता बघत राहिला. खुळखुळा धरला, तरी तेच. संगणकाच्या पडद्यावरून बघणाऱ्या मनिलाच्या डॉक्टरीणबाई हळहळल्या. पोराला कशाची ओढच दिसत नाही, बुद्धी मागे राहिली असणार, असं त्यांचं मत पडलं. बू रेत्नोंनाही तसंच वाटलं आणि त्यांचा जीव तुटला, कारण तो जन्मल्यावर काचेच्या पेटीत होता तेव्हापासून त्या या पोराला पाहत होत्या. मग त्यांचं लक्ष गेलं. पुर्वान्तीनं त्याचा डावा हात मांडीशी घट्ट दाबून धरला होता.

“तो सोड की गं.”

“नको, बू. मेला डावाच पुढे करतो. तुमच्याकडून डाव्यानं घेतलं, तर बाहेर सासूबाई बसल्यात, त्या म्हणतील, आईनं वळणच लावलं नाही.”

समजावत बसलं असतं, तर पुर्वान्तीनं मान डोलावली असती आणि हात तसाच धरून ठेवला असता. म्हणून बू रेत्नोंनी उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. बदक डाव्या हातात घेतलं आणि डाव्यानंच पुढे केलं. आपल्या आईनं पाहिलं असतं तर पाठ सोलली असती, या विचारानं त्यांचे कान तापले. पुर्वान्ती आधी बावरली, मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता तिची पकड सुटली.

दामारनं डाव्या हातानं बदकावर झडप घातली. आपटलं, चाटलं, पुन्हा आपटलं. बू काढून घेऊ लागल्या, तर त्यानं बोंब ठोकली. पडद्यावर मनिला आणि हनोई दोन्हीकडे टाळ्या वाजल्या. पोर चांगलं चलाख होतं.

पुर्वान्तीचं हसू मात्र थांबलं. दामारच्या उजव्या हाताची मूठ अजून मिटलेलीच होती.

“म्हणजे ही खोड नव्हती?”

“नाही गं. उजवा हात ऐकत नाही त्याचा. शिकवू आपण. लहान आहे, बराचसा शिकेल.”

“मी डाव्यावर चापट्या मारत होते, बू.”

बू रेत्नोंनी पडदा बंद केला, तिला जवळ ओढलं आणि रडू दिलं. त्यांनाही भरून आलं होतं.

निघताना मोठ्यांचा हात उजव्या हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, ही तिथली रीत तान्ह्यालाही चुकत नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. पुर्वान्तीनं सवयीनं दामारची उजवी मूठ धरली, आणि सोडली. त्याचा डावा हात तिनं स्वतःच बू रेत्नोंपुढे केला. सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली. पुर्वान्तीनं तो हात मागे घेतला नाही.